सोप्यातली खुर्ची

सदर बझार, सातारा
११ जून १९९५

प्रिय शरू,

सप्रेम जयभीम. शाळा उघडायच्या आत हे लिहून टाकते. एकदा घंटा वाजायला लागली की सांगलीच्या मुख्याध्यापिकाबाई माझं पत्र फायलीला लावून मोकळ्या होतील.

माझं वेड तुला ठाऊकच आहे. सुट्टीत लोक महाबळेश्वरला जातात, मी जुन्या सामानाच्या दुकानात जाते. आमचे हे म्हणतात, बाकीच्यांच्या बायका सराफाच्या दारात थांबतात, आमची मोडक्या टेबलाचे पाय बघत थांबते. म्हणू देत. मागच्या पडवीत माझा संसार मांडलेला आहे. काचपेपर, पटाशी, सरसाचं डबडं, चपडी लाख, स्पिरिट. यंदाच्या सुट्टीत दोन स्टुलं आणि एक आरामखुर्ची माणसात आणली.

आता खरी बातमी. परवा नानासोच्या दुकानात गेले होते. मोडक्या पलंगांच्या ढिगाखाली एक हाताची खुर्ची दिसली. सागवानी, अंगानं भक्कम, पण अवतार बघवत नव्हता. बैठकीवर कोणीतरी हिरवं रेक्झिन ठोकलेलं, त्यातून काथ्या बाहेर आलेला. नानासो म्हणाला, "ताई, ही नगं. लय दिस पडून हाय. वाईच्या एका घराचं सगळं सामान आलं व्हतं, त्यातली हाय." मी म्हटलं, मोडकं तेच मला हवं असतं.

घरी आणली. दादा पडवीत बसले होते. मोतीबिंदूमुळे त्यांना हल्ली फारसं दिसत नाही, सगळं हातानं बघतात. त्यांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवरून हात फिरवला, डाव्या हाताखाली बोटं घातली. तिथं एक खाच आहे. म्हणाले, "ही आप्पासोंच्या सोप्यातली."

म्हणजे तुमची गं. तुझ्या आप्पांच्या सोप्यातली, दर्शनी ओसरीतली खुर्ची. तुझ्या भावानं, सुमंतनं, वाईचं घर विकलं तेव्हा फिरत फिरत नानासोकडे आली असणार. दादा दर महिन्याला शाळेचे कागद घेऊन तपासनीससाहेबांकडे, म्हणजे तुझ्या आप्पांकडे यायचे आणि ह्याच खुर्चीवर बसायचे. बाकीच्या साहेबांपुढं त्यांना अंगणात उभं राहावं लागायचं. "आप्पासोंच्या घरी मला खुर्ची व्हती," हे वडिलांचं वाक्य ऐकत आम्ही भावंडं मोठी झालो. ती खुर्ची आज माझ्या पडवीत आहे. मला दोन दिवस झोप नाही.

लवकर लिही.

तुझी
आम्रपाली

---

विश्रामबाग, सांगली
२० जून १९९५

प्रिय आम्रपाली,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. प्रवेशाच्या गडबडीत उत्तराला उशीर झाला.

मास्तरांनी खुर्ची ओळखली हे वाचून आश्चर्य वाटलं. इतक्या वर्षांनी, तेही डोळ्यांनी नाही. खरं सांगायचं तर मला ती तितकीशी आठवत नाही. आमच्याकडे खुर्च्या बऱ्याच होत्या. मास्तरांची चूकही होत असेल, सगळ्या सागवानी खुर्च्या हाताला सारख्याच लागतात.

आणि तीच असली तरी तू तिच्यात जीव घालू नयेस असं मला वाटतं. जुनं लाकूड, आत वाळवी असेल. घरातल्या चांगल्या सामानालाही लागेल. वाटलं तर मी इथून एक चांगली शिसवी खुर्ची पाठवते. आमच्या ह्यांच्या ओळखीचा एक सुतार आहे. ती मास्तरांना माझ्याकडून म्हणून दे, आणि ही परत नानासोच्या ढिगात टाकून ये.

आप्पांची आठवण काढलीस, बरं वाटलं. दर चौदा एप्रिलला शाळेत मी हीच गोष्ट मुलींना सांगते. त्या काळात, वाईसारख्या गावात, आमच्या घरी हिंदुराव मास्तरांना खुर्ची मिळायची. मुली टाळ्या वाजवतात.

प्रकृतीला जप. स्पिरिटचा वास नाकातोंडात जाऊ देऊ नकोस.

तुझी
शरयू

---

सातारा
९ जुलै १९९५

प्रिय शरू,

शिसवी खुर्ची तुझ्या सुताराकडेच राहू दे. मुख्याध्यापिका झालीस म्हणून वाळवीतलंही तुला कळतं असं नाही. एका ठिकाणीसुद्धा वाळवी नाही.

रेक्झिन उचकटलं. ठोकलेल्या शंभरेक बारीक चुका उपटल्या, दोन नखं गेली. खाली मूळ वेताची वीण होती, पार कुजलेली. वेत विणणारा आता मिळत नाही, म्हणून निवारीचे पट्टे ताणून वर काथ्या आणि कापूस भरणार आहे. कापड निळं घेतलंय, गडद. दादांना रंग दिसत नाही, पण निळं घेतलं म्हटल्यावर खूश झाले.

ही मेहनत कशासाठी ते ऐक. एक ऑक्टोबरला, रविवारी, दादांचा अमृतमहोत्सव करायचं त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलंय. पंचाहत्तर पुरी होतात. हॉल घेतला आहे. दादांना मंचावर ह्याच खुर्चीत बसवायचं, असं मी समितीला सांगितलं आणि सगळ्यांना ते फार आवडलं. आणि त्या खुर्चीबद्दल दोन शब्द बोलायला कोण? तपासनीससाहेबांची मुलगी. नाही म्हणायचं नाही. मी तुझं नाव देऊन टाकलंय.

एक कोडं मात्र सुटत नाही. पॉलिश खरवडताना दिसलं की ह्या खुर्चीनं पाणी फार खाल्लंय. लाखेच्या पॉलिशवर पाणी पडलं की पांढरे डाग येतात, आणि पुन्हा पुन्हा पडलं की पॉलिश उडूनच जातं. इथं हातांवरून, पाठीवरून सगळीकडून उडालंय. चारही पाय खालून चार बोटं काळे पडलेत. सांध्यांतला सरस धुऊन गेलाय, म्हणून ती खिळखिळी झाली होती. सोप्यात, आढ्याखाली असलेल्या खुर्चीवर इतकं पाणी कुठून आलं गं? तुला काही आठवतं का? कारण कळलं तर सरस लावायचा का दुसरं काही, ते ठरवता येईल.

तुझी
आम्रपाली

---

सांगली
२२ जुलै १९९५

प्रिय आम्रपाली,

मास्तरांच्या अमृतमहोत्सवाचं वाचून आनंद झाला. त्यांना माझा नमस्कार सांग.

पाण्याचं म्हणशील तर आमच्या सोप्याचं छप्पर गळायचं. वाईचा पाऊस तुला माहीतच आहे. आप्पांना कौलं फिरवून घ्यायला दर वर्षी उशीर व्हायचा. तेच असणार, दुसरं काय?

एक ऑक्टोबरचं मात्र जमेल असं दिसत नाही. सहामाही परीक्षा तोंडावर असते, आणि माझे गुडघे हल्ली एसटीचा प्रवास सोसत नाहीत. शिवाय मी बोलायचं असं त्यात आहे तरी काय? आप्पांनी केलं ते कोणीही करायला हवं होतं. कृपा करून माझं नाव छापू नकोस.

त्या खुर्चीचाही इतका गाजावाजा नको. हॉलमध्ये चांगली गादीची खुर्ची असेल, तीत मास्तर आरामात बसतील.

तुझी
शरयू

---

सातारा
१३ ऑगस्ट १९९५

प्रिय शरू,

गुडघ्यांचं कारण मला सांगू नकोस. मे महिन्यात तू ज्योतिबाचा डोंगर चढून आलीस, तूच लिहिलं होतंस. नाव छापायला गेलं. दोनशे कार्डं. नागसेननं, म्हणजे आमच्या ह्यांनी, स्वतः कंपोझिटरच्या डोक्यावर बसून तुझं आडनाव नीट छापून घेतलंय.

आणि छप्पर गळत नव्हतं. हे मी खुर्चीकडून ऐकलंय. गळतीचं पाणी एकाच जागी ठिबकतं, एकाच बाजूला डाग पाडतं. इथं चारी बाजू सारख्या आहेत. वरून ओतल्यासारखं पाणी पाठीवरून, हातांवरून ओघळलंय, बैठकीत साठलंय आणि पायांतून उतरलंय. आणि गळतीखाली खुर्ची कोण ठेवतं बाई? बादली ठेवतात.

शेवटी दादांनाच विचारलं. त्यांनी पुन्हा एकदा खुर्चीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "त्यांच्या सोप्यात कुंड्या लय व्हत्या. आप्पासोंची मंडळी झाडास्नी पाणी घालायची, ते उडत आसंल." झालं, कोडं सुटलं. तुझ्या आईला फुलझाडांची इतकी हौस होती हे मला माहीत नव्हतं.

सांधे पक्के झाले. शिकंज्यात दोन दिवस आवळून ठेवली होती. आता कापसाच्या पोटलीनं लाखेचे हात देते आहे, रोज एक. दहाव्या हाताला लाकूड आतून बोलायला लागतं. तू येशील तेव्हा बघ.

तुझी
आम्रपाली

---

सांगली
१९ ऑगस्ट १९९५

आम्रपाली,

दोन पत्रं झाली, तुझं पाण्याचं पुराण संपत नाही. खुर्ची दुरुस्त करायला घेतली आहेस की आमच्या घराची चौकशी? कुंड्या होत्या, पाऊस होता, पोरंसोरं होती, काय असेल ते असेल. चाळीस वर्षांपूर्वी कुठल्या खुर्चीवर किती तांबे पडले याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

आमच्या घरात कोणी काही केलं असं सुचवायचं असेल तर आडवळणानं विचारू नकोस, सरळ लिही. माझ्या आईला जाऊन बारा वर्षं झाली, ती उत्तर द्यायला नाही. आप्पांनी त्या काळात जे केलं त्यासाठी गल्लीतल्या लोकांची बोलणी खाल्ली. हे तुम्हा लोकांना माहीत नसेल.

मला न विचारता नाव छापलंस, हेही बरं केलं नाहीस.

शरयू

---

सातारा
२८ ऑगस्ट १९९५

प्रिय शरू,

तुझं पत्र वाचून हातातली पोटली खाली ठेवली. माझं काय चुकलं ते मला कळत नाही. नाव छापल्याचं म्हणत असशील तर चुकले, त्याबद्दल माफ कर. पाण्याचं मी केवळ कामासाठी विचारलं होतं. सुताराला लाकडाचं विचारावंच लागतं.

मला काहीच सुचवायचं नव्हतं. पण तुझं पत्र आल्यापासून मला सुचायला लागलं आहे. "तुम्हा लोकांना" हा शब्द तू मला पहिल्यांदाच लिहिलास.

तुझी पत्रं मी दादांना नेहमी वाचून दाखवते, हेही दाखवलं. तो शब्द गाळावा असं आलं होतं मनात, पण दादांना वाचताना मी कधी काही गाळत नाही. त्यांनी पत्र माझ्या हातातून घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाले, "तिला लिही, पाण्याचं माझंच कायतरी इसरल्यालं हाय. पोरीला तरास देऊ नगं." मी म्हटलं, दादा, ती पोर सत्तेचाळीस वर्षांची आहे, मुख्याध्यापिका आहे. तर म्हणाले, "माझ्या डोळ्याम्होरं ती धा-अकरा वर्साचीच हाय. भिजल्याली."

भिजलेली म्हणजे काय, ते विचारलं. तर आजचा लाखेचा हात दिलास का, ते त्यांनी विचारलं.

आम्रपाली

---

सांगली
१० सप्टेंबर १९९५

प्रिय आम्रपाली,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

आमच्या सोप्यात एकही कुंडी नव्हती. हे मास्तरांना पक्कं माहीत आहे. तुझ्या पत्रात कुंड्यांचं वाचलं तेव्हाच मला कळलं की ते अजूनही मला पाठीशी घालत आहेत. त्याचीच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून तुझ्यावर ओरडले. मला दुसरं काही जमलं नाही.

आप्पांनी मास्तरांना खुर्ची द्यायची ठरवलं तेव्हा घरात आठ दिवस अबोला होता. आईनं शेवटी एका अटीवर मान्य केलं. ती खुर्ची वेगळी ठेवायची, सोप्याच्या टोकाला. घरातल्या कोणी तिच्यावर बसायचं नाही. आणि मास्तर गेले की ती धुऊन घ्यायची. आप्पांनी ते कबूल केलं. तेवढ्यावर ते गावात मान वर करून फिरले, आणि मीही फिरले.

धुवायचं काम माझ्याकडे होतं. महिन्याचा पहिला शनिवार. मास्तर कागद घेऊन यायचे, आप्पा सह्या करायचे, मास्तर निघायचे, आणि आई आतून म्हणायची, "शरे, कळशी घे." वरून एक कळशी, खालून एक. मी ते न चुकता करायचे. मला त्यात काही वाटायचं नाही, हेही तुला सांगायला हवं. अंगण झाडणं तसं ते.

एका शनिवारी मास्तर चष्म्याचं घर खिडकीत विसरून गेले. मी दुसरी कळशी ओतत होते. झगा भिजला होता, सोप्यातून पाणी वाहत पायरीपर्यंत आलं होतं. वर बघितलं तर मास्तर अंगणात उभे. त्यांनी खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "मास्तर, खुर्ची मळली होती."

ते म्हणाले, "व्हय बाळ. आमच्या पायाला लय धूळ आसती." मग वाकून लांबूनच चष्म्याचं घर उचललं आणि म्हणाले, "फरशी वली हाय. पाय सरंल, जपून जा." आणि गेले.

पुढच्या महिन्यात ते पुन्हा आले. पुन्हा त्याच खुर्चीवर बसले. आई पुन्हा म्हणाली, कळशी घे. मी घेतली. आता मला वाटायचं, तरीही घेतली.

मास्तरांनी मला बघितलं त्यानंतरच्या सोमवारी वर्गात तू माझ्या शेजारी येऊन बसलीस आणि ओच्यातली बोरं अर्धी माझ्या दप्तरात घातलीस. तुझ्या तोंडाकडे बघून मला कळलं की मास्तरांनी घरी काही सांगितलं नव्हतं. मग मीही नाही सांगितलं. वर्षं गेली तसं मला ते सोयीचंच झालं. पुढे मी खुर्चीची गोष्ट सांगायला लागले, दर एप्रिलला, टाळ्या घेत. कळशी त्या गोष्टीत कधी आली नाही.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी कोणाची काळजी केली, ते लिहिते. तुझी नाही, मास्तरांचीही नाही. मला भीती वाटली की खुर्ची तुझ्या हातात आहे आणि तू हाताची हुशार आहेस, तुला कळणार. म्हणून ती ढिगात टाक म्हटलं, वाळवी काढली, छप्पर गळवलं. माझ्या मेलेल्या आईला पुढं केलं. पाणी आई सांगायची हे खरं, पण ओतत मी होते.

एक तारखेला मी काय करू ते तू सांग. कार्डावरचं नाव खोडायचं असेल तर खोड. मी येऊन मंचावर हे सगळं सांगावं असं तुला वाटत असेल तर येते. नको म्हणशील तर घरी बसते. मास्तरांची माफी कागदावर मागायची माझी हिंमत होत नाही.

शरयू

---

सातारा
८ ऑक्टोबर १९९५

शरयू,

तुझं पत्र आलं तेव्हा मी शाळेत निघाले होते. मधल्या सुट्टीत वाचलं. त्यानंतर पाचवीचा गणिताचा तास घेतला. काय शिकवलं मला आठवत नाही. तुला उत्तर पाठवलं नाही, आणि तुझं तुलाच समजून तू आली नाहीस ते बरं झालं. समितीला मी सांगितलं की तुला बरं नाही. तुझ्यासाठी बोललेलं हे माझं शेवटचं खोटं.

संध्याकाळी दादांना पत्र वाचून दाखवलं. गाळायचं नाही हा माझा नियम. कळशीपाशी मी वाचायची थांबले, तर त्यांनी पाणी आणायला सांगितलं, पाणी प्यायला लावलं आणि म्हणाले, "वाच म्होरं."

संपल्यावर ते हसले. खरंच हसले. म्हणाले, "मला पैल्या महिन्यापास्नं ठावं व्हतं. सोप्याला पाण्याचा वगळ दिसायचा की. ती पोर दिसली ती लय मागनं." मी विचारलं, मग तुम्ही बसला का? दुसऱ्या महिन्याला गेलाच का? तर म्हणाले, "काम व्हतं, जायाच पायजे. बाकीच्या सायबांम्होरं दोन-दोन तास हुबा ऱ्हायचो, हितं बसाय तरी मिळायचं. आन धुणारच हायती म्हटल्यावर मी आनखी घटकाभर जास्त बसायचो. पाणी कशाला फुकट घालवायचं?"

ते हसले. मला हसू आलं नाही. मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, तुम्ही आम्हाला खुर्चीचं सांगितलंत, पाण्याचं का नाही सांगितलंत? आम्ही ती गोष्ट मिरवली. मी वीस वर्षं वर्गात मुलांना सांगत आले की माझ्या वडिलांना वाईत मानाची खुर्ची होती. त्या वर्गात आपली पोरंही होती, त्यांनाही मी हेच शिकवलं. आता लाज तुझी एकटीची राहिली नाही, शरयू, त्यातली मोठी वाटणी माझ्याकडे आली. मी आमच्याच अपमानाला लाखेचे हात देत बसले होते.

दादा म्हणाले, "तुला सांगितलं आसतं तर तू त्या पोरीशी बोलली नसतीस. तुला वर्गात दुसरं कोण व्हतं?" हे खरं होतं. मला दुसरं कोणी नव्हतं.

खुर्ची मंचावर न्यायची नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. हॉलमधली खुर्ची पुसून ठेवली. दादा ऐकेनात. "माझी खुर्ची हाय ती. त्या घरात माझ्याबिगर दुसरं कोण बसलंय तिच्यावर?" मग नेली. ते तीन तास त्याच खुर्चीवर बसून होते, निळ्या गादीवर, आपले हात खुर्चीच्या दोन्ही हातांवर ठेवून. सगळे म्हणाले, काय सुंदर काम केलंय. मी मान खाली घालून ऐकलं. तुझं नाव मी दोनशे कार्डांवर निबानं खोडलं होतं, ते मात्र कोणी विचारलं नाही.

दादांनी तुला माफ केलं असेल. ते त्यांचं त्यांनी बघावं, ते मोठे आहेत. मला तसं जमेल असं वाटत नाही, निदान एवढ्यात तरी नाही. तू खरं लिहिलंस याची किंमत मला कळते. पण तुझी हिंमत मी विचारायला लागल्यावर आली, हेही कळतं.

एकच विचारते. दादांचं झालं. मी तुझ्या घरी यायचे, आठवड्यातून तीनदा तरी. आपण कायम बाहेरच्या पायरीवर बसून सागरगोटे खेळायचो. ऊन असलं तरी. मी म्हणायचे सोप्यात बसू, तर तू म्हणायचीस, तिथं अंधार आहे, खडे दिसत नाहीत. मी इतके दिवस तेच खरं धरून चालले होते. तुमचा सोपा आतून कसा होता, हे मला अजून माहीत नाही.

मी गेल्यावर त्या पायरीचं काय व्हायचं?

आम्रपाली

---

(पोस्टकार्ड)

सांगली
१४ ऑक्टोबर १९९५

आम्रपाली,

हे कार्डावर लिहिते आहे. पोस्टमन वाचील, तुझ्या दारातला कोणीही वाचील, आमच्या घरीही वाचलं आहे. आजवरचं सगळं मी बंद पाकिटात ठेवलं.

पायरीही धुतली जायची. आई सांगायची आणि मी धुवायचे. तू गल्लीच्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत मात्र मी थांबायचे. मैत्रीण म्हणून मी तुझ्यासाठी केलं ते एवढंच.

शरयू